पानिपत जिंकले, पण इब्राहिमखान कुठे गेला?

पानिपतचा धडा शिकवताना वर्गातल्या एका मुलाने विचारले, "टीचर, अपने लोगां किदर थे?" मी म्हणाले, "दोन्हीकडं." त्याचे समाधान झाले नाही. खरे तर माझेही नाही. त्या रात्री मी जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुन्हा वाचायला काढली.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. 'द ॲडव्हेंचर' या नावाने ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही आली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच जगात जाऊन पडतात. तिथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावाला लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते आणि मराठे जिंकतात. कंपनी सरकार मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांपुरते उरते.

नारळीकरांचे मला आवडते ते हे की, त्यांनी विजयाचा जल्लोष केला नाही. त्यांच्या त्या हिंदुस्थानात दिल्लीची बादशाही नामधारी का होईना, टिकून आहे. पेशवेही पुढे मागे पडतात आणि लोकशाही येते. पानिपतावर लिहिताना इतका संयम आपल्याकडे क्वचितच दिसतो. हल्लीच्या सिनेमांशी ताडून पाहावे.

अडचण त्या एका गोळीची आहे. शास्त्रज्ञाला आपला सिद्धांत मांडायला ती पुरते. पण मराठ्यांच्या छावणीत महिनोन् महिने रसद तुटलेली होती, यात्रेकरू आणि बायकापोरे अडकलेली होती. गोळी चुकली म्हणून पोटे भरत नाहीत. गंगाधरपंतांच्या हाती पडलेला इतिहासग्रंथही लढाईचे तपशील टाळून थेट परिणामांकडे वळतो. त्यामुळे भाऊसाहेब आणि विश्वासराव भेटतात, इब्राहिमखान गारदी भेटत नाही. बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झालेला हा माणूस मराठ्यांचा तोफखाना आणि पायदळ घेऊन उभा होता. त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली होती. तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दरही जखमी होऊन भरतपूरच्या बाजूला वारला. लढाई जिंकली असती तर या दोघांना पुण्यात कोणते स्थान मिळाले असते? माझ्या मते कथेचा खरा प्रश्न इथे होता. तो सुटून गेला.

आम्हा येरमाळ्याच्या लोकांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. पानिपतच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७६० मध्ये, याच इब्राहिमखानाच्या तोफांनी उदगीरला निजामाला नमवले. दौलताबाद, विजापूर मराठ्यांकडे गेले. १९८२ पर्यंत उदगीर आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. पानिपत जिंकून भाऊसाहेब दक्षिणेत परतले असते, तर निजामशाही १९४८ पर्यंत टिकली असती का? मला नाही वाटत. म्हणजे जिल्ह्याला उस्मानअलीचे नाव मिळाले नसते, २०२३ मध्ये ते बदलून धाराशिव करण्याची वेळ आली नसती, आणि ज्या उर्दूतून मी शिकले व शिकवते ती इथे एवढी रुजली असती की नाही, देव जाणे. माझी नोकरी एका अर्थी पानिपतच्या पराभवावर उभी आहे. आणि तरीही कथा वाचताना विश्वासराव वाचावा असेच मला वाटत होते.

यंदाच्या सहलीला उदगीरचा किल्ला ठरवला आहे. तो मुलगा येणार आहे.