संकेत आणि वाक्य : चिंपँझींच्या भाषाशिक्षणाचा विचार

कपींना मानवी भाषा शिकविण्याच्या प्रयोगांची चर्चा करताना दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. कपी संकेत शिकू शकतो काय, हा एक प्रश्न; तो वाक्यरचना करू शकतो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले, एवढ्यावरून दुसऱ्याचाही निकाल लागला असे मानणे युक्त नव्हे.

हेज दांपत्याने व्हिकी नावाच्या चिंपँझीला बोलावयास शिकविले, तेव्हा पुष्कळ परिश्रमांनंतरही तिला चारच शब्द, आणि तेही अस्पष्टपणे, उच्चारता आले. यावरून बोध घेऊन ॲलन व बिअ‍ॅट्रिक्स गार्डनर यांनी १९६६ साली नेवाडातील रीनो येथे वॉशू या चिंपँझीला अमेरिकेतील कर्णबधिरांच्या संकेतभाषेतील संकेत शिकविण्यास प्रारंभ केला. बावीस महिन्यांत तिने तीसहून अधिक संकेत आत्मसात केले. वाणीऐवजी हाताचा आश्रय घेण्याची ही कल्पना निःसंशय मार्मिक होती.

पुढे कोलंबिया विद्यापीठात हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ साली जन्मलेल्या निम या चिंपँझीवर असाच प्रयोग केला. निम सुमारे १२५ संकेत शिकला आणि त्याच्या बहुसंकेती रचनांची नोंद एकोणीस हजारांवर गेली. तथापि त्या रचनांची सरासरी लांबी वाढेना. बालकाच्या उक्तीची लांबी जसजशी वाढते, तसतसा तिचा आशयही विस्तारतो. निमची सर्वांत दीर्घ रचना सोळा संकेतांची होती. परंतु तीत देणे, संत्रे, खाणे, स्वतः आणि समोरचा या पाचांचीच आवृत्ती होती.

आपल्याकडील शास्त्रकारांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांची अपेक्षा सांगितली आहे. निमच्या रचनेत संनिधी आहे. योग्यताही एक वेळ मान्य करू. परंतु एका पदाला दुसऱ्याची जी अपेक्षा असते, ती आकांक्षा तेथे दिसत नाही. इच्छा आहे ती संत्र्याची. 'आणखी' हा संकेत निम बहुधा आरंभी करीत असे, हे खरे. पण एका संकेताचे स्थान ठरून जाणे म्हणजे व्याकरण नव्हे.

नोंदपद्धतीचा दोष याहून सूक्ष्म आहे. चिंपँझी स्वतःकडे बोट दाखवितो. ते आपण मराठीत 'मला' असे लिहिले, की चतुर्थीचा प्रत्यय आपण पुरविलेला असतो. 'दे' असे लिहिले, की आज्ञार्थही आपलाच. अशा रीतीने लेखकाचे व्याकरण प्राण्याच्या पदरी पडते. टेरेस यांचे मोठेपण असे, की अनुकूल निष्कर्षाच्या अपेक्षेने आरंभ करूनही त्यांनी चलच्चित्रे पुन्हा तपासली, शिक्षकाने नुकतेच केलेले संकेत निम वारंवार उचलतो हे पाहिले, आणि १९७९ साली आपला प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध केला.

मात्र त्यांच्या प्रयोगालाही मर्यादा होत्या. निमचे सुमारे साठ शिक्षक बदलले, आणि त्याचे पुष्कळसे शिक्षण एका लहानशा खोलीत पाठ गिरविण्याच्या पद्धतीने झाले. म्हणून 'निमने वाक्य केले नाही' एवढेच सिद्ध झाले. 'कोणताही कपी ते करणार नाही' हे विधान त्याहून व्यापक आहे.

शेवटी एका अन्यायाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. कर्णबधिरांची संकेतभाषा ही हातवाऱ्यांची गोळाबेरीज नसून हस्ताकृती, स्थान व गती यांनी घडलेली स्वयंपूर्ण भाषा आहे, हे विल्यम स्टोको यांनी १९६० सालीच दाखविले होते. तिच्यातून सुटे संकेत उचलून कपीला शिकविले आणि त्यालाच ती भाषा म्हटले, तर कपीची योग्यता वाढत नाही. ती भाषा बोलणाऱ्या माणसांची मात्र अवहेलना होते. पदसंग्रह आणि वाक्य यांतील भेद जपणे हा म्हणूनच केवळ वैयाकरणांचा आग्रह नव्हे.