गळ्यापलीकडचा फ्रेडी

फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी गेला. आपल्याला एड्स झाल्याचं त्यानं आदल्याच दिवशी निवेदन काढून जाहीर केलं होतं. तेव्हापासून ‘क्वीन’ या त्याच्या रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये एक वाद धुमसतो आहे. पॉल रॉजर्सला गायक म्हणून सोबत घेऊन बँडमधले ब्रायन मे आणि रॉजर टेलर पुन्हा दौऱ्यावर निघाले तेव्हा तो पेटला, अॅडम लॅम्बर्ट गायला आला तेव्हा पेटला, २०१८ मध्ये क्वीनवरचा चित्रपट आल्यावर तर घराघरांत पेटला. प्रश्न तोच: फ्रेडीशिवाय क्वीन उरतं का, आणि त्याच्या गादीवर बसेल असा कोणी आहे का?

मला हा वाद मनापासून आवडतो, कारण भांडणारे प्रेमापोटी भांडतात. पण गेली तीसेक वर्षं आपण चुकीच्या जागी भांडतो आहोत, असं माझं ठाम मत झालं आहे. भांडण गळ्यावर चालतं. फ्रेडीची मोठी कमाई रचनेत आहे.

आधी गळ्याचं पाहू. ‘चार सप्तकांचा आवाज’ हे वाक्य प्रत्येक चाहत्याला पाठ असतं. २०१६ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा चार सप्तकांच्या दाव्याला ठोस आधार सापडला नाही. सापडलं ते अधिक मोलाचं होतं. त्याचा बोलण्याचा आवाज भारदस्त, बॅरिटोन जातीचा होता, म्हणजे टिपेचं गाणं त्यानं मेहनतीनं कमावलेलं होतं. त्याच्या सुराचं कंपन इतर गायकांपेक्षा जलद होतं, आणि आवाजाला खरखर देण्यासाठी तो घशाचा असा वापर करायचा जो एरवी पाश्चात्त्य गायनात क्वचित दिसतो. एवढं कळल्यावर सप्तकं मोजत बसण्यात मला रस वाटत नाही.

आता ‘बोहेमियन रॅप्सडी’. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलेलं, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, ध्रुवपद नसलेलं गाणं. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालायची असा तो काळ. हे गाणं लांबीमुळे पडेल, असं जाणत्यांना वाटत होतं. ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. या गाण्याचा मधला ऑपेराचा तुकडा हेडफोन लावून नीट ऐकावा. फ्रेडी, मे आणि टेलर, तीनच गळे. चोवीस ट्रॅकच्या टेपवर ते पुन्हापुन्हा गायले, आधीची मुद्रणं एकत्र करून रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर आणखी गायले. असे सुमारे १८० थर चढले. एवढ्याशा तुकड्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. टेप इतकी वेळा फिरवली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली. निर्माता रॉय थॉमस बेकर टेपवर जागा सोडायचा आणि फ्रेडी आणखी एक ‘गॅलिलिओ’ घेऊन हजर व्हायचा. कुठला सूर कुठे बसणार, हे त्याच्या डोक्यात ठरलेलं होतं. बाकीच्यांना पूर्ण आकृती कळली ती तुकडे जुळल्यावर. गवई आणि गवंडी एकाच माणसात असण्याचा हा प्रकार रॉकमध्ये फार विरळा आहे.

आणि त्याची झेप एका जागी थांबली नाही. १९७४ चं ‘किलर क्वीन’ नाटकगृहातल्या नखरेल गाण्यासारखं. १९७९ चं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ म्युनिकच्या हॉटेलात आंघोळीच्या टबमध्ये सुचलेलं, पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलच्या चालीचं, मोजक्या कॉर्डचं. १९८८ मध्ये माँसेरात काबाये या ऑपेरा गायिकेसोबत ‘बार्सेलोना’चा पूर्ण अल्बम. रॉकच्या शिखरावर बसलेल्या माणसानं ऑपेराच्या दारात विद्यार्थ्यासारखं उभं राहावं, हे मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात धाडसाचं पाऊल वाटतं. त्याची चर्चा जवळपास होतच नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, फ्रेडी म्हणजे क्वीन नव्हे. बरोबर आहे, आणि हे फ्रेडीभक्तांनी मान्य करायला हवं. ‘वुई विल रॉक यू’ मेचं, ‘रेडिओ गा गा’ टेलरचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आणि ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ ही बँडमधल्या चौथ्या, जॉन डीकनची. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात वेम्ब्लीवर त्यांनी वीस-एकवीस मिनिटांत सहा गाणी वाजवली; त्यांतली तीन फ्रेडीची, दोन मेची, एक टेलरची. पुढे १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून सगळ्या गाण्यांवर चौघांचं सामायिक नाव लागायला लागलं. कारण उघड होतं: श्रेय आणि पैशांवरून आधी बरीच वादावादी झाली होती. ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या तबकडीमागे टेलरचं ‘आय अॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं, आणि तबकडी खपली की मागच्या गाण्यालाही तेवढीच रॉयल्टी मिळायची. सामायिक नावामुळे भांडण मिटलं, पण चाहत्यांचा घोळ वाढला. ‘द शो मस्ट गो ऑन’ ही फ्रेडीची मृत्युशय्येवरची कबुली आहे असं आजही लोक डोळे पुसत सांगतात. ते मुख्यतः मेनं लिहिलं. फ्रेडीनं ते आजारपणात, जीव ओतून गायलं. दोघांचाही मोठेपणा एकाच गाण्यात आहे. एकाचं काढून दुसऱ्याला कशाला द्यायचं?

चित्रपटावर माझा राग आहे. लाइव्ह एडआधी बँड फुटला होता आणि फ्रेडीला आजार कळला होता, असं तो दाखवतो. प्रत्यक्षात क्वीननं त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत जपानमध्ये कार्यक्रम केले होते. आजाराची गोष्ट साधारणपणे १९८७ ची सांगतात. आणि जे खरोखर घडलं, ते चित्रपटानं गाळलं: ऑक्टोबर १९८४ मध्ये, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असताना, क्वीननं सन सिटीत कार्यक्रम केले. त्याबद्दल ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेनं त्यांना दंड केला. ती चूकच होती. प्रेम करणाऱ्यानं हे झाकू नये.

आपल्याकडे या वादाला एक घरगुती फाटा आहे. झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे पियानो शिकला, मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. पाचगणीतल्या त्या वर्षांमुळे त्याच्या तानांत आपला राग शोधणारे पुष्कळ भेटतात. मला त्याचा पुरावा गाण्यात सापडत नाही. वसतिगृहात पाश्चात्त्य संगीताचे धडे गिरवणारा, घरापासून समुद्रापार राहणारा एक बुजरा पारशी मुलगा, एवढं पाचगणीचं देणं आहे आणि ते काही थोडं नाही. पुढे आयुष्यभर तो या दिवसांबद्दल फारसं बोलला नाही. त्याच्या या मौनाचाही मान राखायला हवा.

मग वारस कोण? २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला, तेव्हा नामवंतांची रांग लागली होती. जॉर्ज मायकलनं ‘समबडी टू लव्ह’ स्वतःचं करून गायलं. त्या रात्रीतलं तेच मला सर्वांत सच्चं वाटतं. नक्कल केली असती तर तो कोसळला असता. लॅम्बर्टही आज तेच करतो. त्याच्या शैलीशी माझं जमत नाही, पण तो फ्रेडी होऊ पाहत नाही, आणि म्हणून मी त्याच्या बाजूनं आहे. लेडी गागाला फ्रेडीची लेक म्हणतात. तिनं नाव घेतलं ते मात्र टेलरच्या ‘रेडिओ गा गा’वरून. अशा गोष्टींत प्रभाव शोधायला गेलं की तो हातातून निसटतो. गिटारवादक हेंड्रिक्सची गिटार लाखो पोरांनी उचलली, कारण तिला हात लावता येतो. सुरांचे मजले एकावर एक चढवण्याची फ्रेडीची विद्या शिकायला आधी तेवढं ऐकू यावं लागतं.

म्हणून वाद घालण्याआधी एक करा. आज रात्री ‘समबडी टू लव्ह’ लावा, १९७६ चं मूळ मुद्रण. चर्चमधला भरगच्च गायकवृंद ऐकू येतो ना, तिथे फक्त तीन माणसं गात आहेत.