विमानाची पाटी कोणी लिहायची?

मित्रहो, मुळशीत बसून विमानांच्या संग्रहालयावर बोलायचं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. इथे समुद्र नाही, नौदल नाही. पण यंत्राचा आणि माणसाचा हिशेब कसा मांडला जातो, हे या तालुक्याइतकं कोणाला ठाऊक असणार? १९२१ साली इथे सत्याग्रह झाला. टाटांच्या धरणाखाली मुळशी पेट्यातली गावं चालली होती. पांडुरंग महादेव बापट शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले आणि त्याच लढ्यातून ते 'सेनापती' झाले. पुढे धरण झालंच. भिऱ्याला वीज तयार झाली, ती मुंबईला गेली. त्या विजेचा इतिहास दोन तऱ्हांनी सांगता येतो. पाणी किती उंचीवरून पडतं, वीज किती निघते, ही एक तऱ्हा. कोणाचं भातखाचर पाण्याखाली गेलं, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. आमचं म्हणणं एवढंच, की संग्रहालयात पहिली तऱ्हा आपोआप येते; दुसरी कोणीतरी मुद्दाम आणावी लागते.

हे तपासायला आम्ही उदाहरण घेतलं आहे गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयाचं. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर ते आहे. १९९८ साली सुरू झालं. गोव्याला जाणारी आपली बरीच मंडळी तिथे एक चक्कर मारतात, मुलं विमानांसमोर उभी राहून फोटो काढतात. आत दालनं आहेत: शस्त्रं, उपकरणं, जहाजांच्या प्रतिकृती. पण खरं संग्रहालय बाहेर, उघड्या आवारात. पाण्यावर उतरणारं छोटं सीलँड, जे १९५३ साली नौदलाच्या विमानदलाच्या सुरुवातीला होतं. सी हॉक आणि अलिझे, ज्यांनी १९७१ च्या युद्धात 'विक्रांत'वरून उड्डाणं केली. सी हॅरिअर, ज्याला नौदलाने २०१६ साली निरोप दिला. इतकी वेगवेगळी विमानं एका आवारात जवळून बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. कौतुक आधी नोंदवतो, कारण पुढे तक्रार आहे.

तक्रार पाटीबद्दल आहे, आणि ती एकट्या गोव्याची नाही. आपल्याकडे चौकात, कॉलेजच्या आवारात, कुठेही जुनं विमान उभं केलं, की शेजारी पाटी येते: लांबी, रुंदी, वेग, पल्ला, इंजिन, निर्माता. बघा, या पाटीत क्रियापद नसतं. विमान काय आहे हे ती सांगते. विमानाने काय केलं, त्याचं कोणी काय केलं, हे सांगत नाही. ज्या वाक्यात क्रियापद नाही, त्यात कर्ताही लागत नाही. माणूस गळतो तो असा, व्याकरणातूनच.

गोव्याच्या आवारात एचटी-२ नावाचं एक प्रशिक्षण विमान आहे. दिसायला साधं, लढाऊ विमानांच्या गर्दीत कोणी त्याच्यापाशी रेंगाळत नाही. पण हे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आराखड्यापासून घडवलेलं विमान. १९५१ साली पहिल्यांदा उडालं. त्यामागचे मुख्य अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूरकडचे. गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे एक जनक. आता विचार करा: कोल्हापूरची शाळेची सहल या विमानासमोरून जाते आणि मुलांना कळतच नाही, की हा आपल्या गावाकडचा माणूस आहे. पंखांची लांबी फुटांत सांगून त्या मुलाच्या हाती काय लागतं? घाटग्यांची गोष्ट सांगितली तर एखादं मूल रात्री झोपणार नाही.

याच आवारात सगळ्यात मोठं विमान आहे सुपर कॉन्स्टेलेशन. तीन शेपट्यांचं, माशासारख्या वळणाचं. हे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी. मग ते हवाई दलात गेलं, तिथून नौदलात. एका यंत्राचे तीन जन्म. आणि ते उभं कुठे आहे? दाबोळीला. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी याच दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. इमारत आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र ठरवून वाचवली. त्यांतलं एक पोर्तुगीज कंपनीचं कॉन्स्टेलेशन होतं. त्या रात्री फुटलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून ती दोन्ही विमानं उडाली, त्यांत पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबं होती, आणि कराचीला गेली.

ही गोष्ट वेरूळच्या राणीशेजारी सांगायला हवी की नको? आमच्या मते हवी. शत्रूची बायकामुलं निसटली म्हणून आपला विजय उणा होत नाही. उलट ज्यांनी ती विमानं वाचवली, त्यांच्या संयमाची नोंद होते. शिवाय दाबोळीच्या आसपासच्या घरांतून आज जी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी ते आवाज लहानपणी ऐकले. संग्रहालय त्यांच्या दाराशी आहे. त्यांचं बोलणं मात्र आत नाही.

इथे जराशी तत्त्वज्ञानाची वाट धरतो, फार लांब नेत नाही. मिलिंदप्रश्नात भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात: महाराज, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे काय? चाक का? आस का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सुट्या भागांत रथ कुठेच सापडत नाही. सगळं एकत्र जुळलं, की व्यवहारात त्याला 'रथ' हे नाव मिळतं. आम्ही यात आमच्यापुरती एक भर घालतो. जुळवणारे हात आणि वापरणारी माणसं निघून गेली, तर भाग जुळलेले असूनही नाव पोकळ होतं. आवारात उरतो तो विमानाच्या आकाराचा धातू.

हे नुसतं शाब्दिक वाटत असेल, तर 'विक्रांत' आठवा. १९९७ साली ती निवृत्त झाली. मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं लोकांनी पाहिली. कायमची व्यवस्था काही उभी राहिली नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ साली दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिचं पोलाद आपल्या पुण्याच्या बजाजने घेतलं आणि २०१६ साली त्याची मोटारसायकल आली. लोकांनी ती अभिमानाने घेतली, त्यांच्या भावनेला आम्ही हसणार नाही. पण जहाजाभोवती माणसांचं संघटन असतं, तर आज आपल्याकडे पेट्रोलच्या टाकीऐवजी जहाज असतं का, हा प्रश्न टाळता येत नाही.

असं संघटन होऊ शकतं, याचा दाखला त्याच कॉन्स्टेलेशनमध्ये आहे. ऑस्ट्रेलियात हौशी मंडळींच्या एका संस्थेने याच जातीचं एक विमान अमेरिकेच्या वाळवंटातून उचललं, कित्येक वर्षं खपून दुरुस्त केलं आणि १९९६ साली उडवत मायदेशी नेलं. निवृत्त मेकॅनिक, वैमानिक, सुट्टीच्या दिवशी पाना घेऊन येणारी साधी माणसं. त्यांचं संग्रहालय म्हणजे एक कार्यशाळा आणि एक पार, दोन्ही. तिथे म्हातारा तरुणाला सांगतो, हा नट असा फिरवायचा नाही. ज्ञान असं उतरतं. आपली वेरूळची राणी मात्र समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी आहे. नौदल आपल्या परीने निगा राखतं, पण शेजारच्या नागरिकाला तिच्यासाठी पाना हातात घेण्याची वाट नाही.

आता निकडीचं सांगतो. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून बासष्ट वर्षं. ही विमानं आता ठिकठिकाणी चौथऱ्यांवर येतील. यांतली शेकडो विमानं नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली गेली. ती बांधणारे फिटर, वेल्डर, तपासनीस आज सत्तरी-ऐंशीत आहेत, निफाड-दिंडोरीच्या घरांत बसले आहेत. त्यांना कोणी विचारलं आहे? आणि याच विमानाच्या अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले. २००१ साली फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. दोष वैमानिकाच्या माथी आला, तेव्हा त्यांच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, वर्षानुवर्षं जाब विचारला. मिगच्या पाटीवर 'ताशी दोन हजार किलोमीटर' असेल आणि त्या आईचा प्रश्न नसेल, तर ती पाटी खोटी नाही, पण अर्धी आहे.

यावर दोन आक्षेप येतात. एक: ही सैन्याची जागा, इथे सगळं उघड करता येत नाही. मान्य. पण घाटग्यांचं नाव गुप्त नाही, ओझरच्या फिटरची आठवण गुप्त नाही. दुसरा: मुलांना स्फूर्ती द्यायची, तिथे मरणाच्या गोष्टी कशाला? आम्ही जन्मभर वर्गात मुलं पाहिली. मुलांना अर्धवट सांगितलेलं लगेच ओळखू येतं. किंमत कळली, की आदर वाढतो. नुसत्या वेगाने टाळ्या मिळतात.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. नव्याने मांडलेल्या प्रत्येक विमानाच्या पाटीवर तीन वाक्यं, क्रियापदासह: हे कोणी घडवलं आणि राखलं, याने कुठे, काय केलं, यासाठी कोणी काय मोजलं. आणि पाटी लिहिण्याआधी त्या गावातल्या, त्या कारखान्यातल्या जुन्या माणसांशी बोलणं. त्याला कोट्यवधींचा निधी लागत नाही. मोबाइलवर आवाज टिपता येतो.

हे काम मुळशीतूनही होऊ शकतं. हिंजवडीच्या कचेऱ्यांत आज विमानाच्या भागांचे आराखडे करणारी तरुण मंडळी आहेत. तुमच्यापैकी काही असतील. विमान त्यांना पडद्यावर दिसतं, हाताला लागत नाही. ओझर इथून एका दिवसाचा प्रवास आहे. दोघं-चौघं जा, एखाद्या निवृत्त फिटरकाकांपुढे बसा, विचारा: काका, पंख बसवताना सगळ्यात अवघड काय असायचं? उत्तर लिहून आणा, आणि आपल्या जिल्ह्यात मिग जिथे उभं राहील, तिथल्या व्यवस्थापनाला द्या. त्यांनी लावलं तर उत्तम, नाही लावलं तर पुन्हा द्या. धरणाच्या वेळी या तालुक्याने हट्ट करून पाहिला आहे, त्यामुळे सवय नाही असं कोणी म्हणू नये.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील ते जरूर विचारा. आणि घरात कोणी ओझरला काम केलेलं असेल, तर आधी त्यांचं नाव सांगा.