बखाची एक आण्याची शिकवणी

मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ इंग्रजीच्या तासाला लावली की वर्गात झकास चर्चा होते, असं प्राध्यापक मंडळी सांगतात. होते. मीही हीच कादंबरी शिकवतो. पण बोलतं कोण आणि गप्प कोण बसतं, याची हजेरी कुणी मांडत नाही.

मित्रांनो, पुस्तक १९३५ सालचं, लंडनला निघालेलं. एकोणीस प्रकाशकांनी परत पाठवलं. फॉर्स्टरसाहेबाची प्रस्तावना मिळाली तेव्हा कुठं छापलं गेलं. जॉईसनं ‘युलिसिस’मध्ये (१९२२) डब्लिनचा एक दिवस माणसांच्या डोक्यात शिरून लिहिला. आनंदांनी ते तंत्र उचललं आणि संडास साफ करणाऱ्या बखाच्या डोक्यात नेऊन बसवलं. हे मोठंच काम, कबूल.

पहिल्या वर्षी मी विचारलं, ‘बखाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ पुढच्या बाकांवरचे हात वर. दया, करुणा, स्वच्छता, सगळं अस्खलित इंग्रजीत. मग एकेक मान मागं वळली. शेवटच्या बाकावरचा आपला पोरगा पुस्तकात तोंड घालून बसलेला. त्याला मीच उघडा पाडला होता. मी, वस्तीतूनच आलेला!

पुढच्या वर्षी प्रश्न बदलला. बाजारात शिवाशीव झाली म्हणून बखाला थप्पड बसते, ते पान बाजूला ठेवलं. दुसरं काढलं. बखानं इंग्रजीचं पहिलं पुस्तक विकत घेतलंय, पण गाडी मुळाक्षरांवर अडलीय. बाबूच्या पोराला तो म्हणतो, धड्याला एक आणा देतो, शिकव. ठरतं. पण दुपारी दगडफेकीत त्या घरचं धाकटं पोर जखमी होतं, बखा उचलून घरी नेतो आणि त्याची आई बाटवलं म्हणून बखालाच शिव्या घालते. दिवस मावळतो, धडा होत नाही.

मी म्हटलं, मराठीत बोला, इंग्रजी नंतर करू. मागून एक मुलगी म्हणाली, ‘सर, तो फुकट मागत नव्हता. पैसे देत होता.’ स्कॉलरशिपवरून टोमणे खाल्लेल्या पोरीचं वाक्य होतं ते. मग तिनंच ते इंग्रजीत केलं. व्याकरण चुकलं. मी दुरुस्त केलं नाही.

आता आनंदांशी भांडण. शेवटी बखापुढं तीन वाटा येतात: मिशनरी, गांधी, आणि एका कवीनं सांगितलेला फ्लशचा संडास. बाबासाहेब कुठंच नाहीत. १९२७ ला महाडचं तळं पेटलं होतं, १९३२ ला पुणे करार झाला होता. पुस्तक निघालं त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. बखाच्या डोक्यात शिरलेल्या लेखकाला ही हाक ऐकू येऊ नये? की ते डोकं अधूनमधून आनंदांचंच होतं? मला तसंच वाटतं. बखा शेवटी घरी निघतो तो दुसऱ्यांची भाषणं ऐकून. त्याला स्वतःला कुणी काही विचारलेलंच नाही.

फ्लशवर मात्र वर्ग पेटला. एकानं विचारलं, ‘सर, फ्लशच्या पुढं गटार. त्यात उतरतो कोण?’ मैला उचलायला लावू नये म्हणून कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला झाला. गटारात माणसं अजून मरतायत. तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठेना.

आता आनंदांच्या जोडीला मी बाबुराव बागुलांची ‘आई’ इंग्रजीतून लावतो. ‘पॉयझन्ड ब्रेड’मध्ये आहे. पहिला प्रश्न वर्गानंच काढायचा, मी नाही.