जाणिवेचं दार कुणासाठी?

आपल्या लेखनात 'जाणीव' हा शब्द सारखा येतो. म्हणून जाणिवेवरचं एक गाजलेलं पुस्तक मुद्दाम तपासायला घेतलं. अल्डस हक्सलेचं 'द डोअर्स ऑफ पर्सेप्शन', साल १९५४.

मे १९५३ मध्ये लॉस एंजेलिसला राहत्या घरी हक्सलेने ०.४ ग्रॅम मेस्कॅलिन घेतलं. देखरेखीला हम्फ्री ऑस्मंड हा मानसोपचारतज्ज्ञ. मग फुलदाणीतली तीन फुलं, खुर्चीचे पाय, विजारीच्या चुण्या, सगळ्यांत त्याला अस्तित्वाचं गूढ दिसायला लागलं. त्याचं म्हणणं, मेंदू ही आवळलेली तोटी आहे. जगायला लागेल तेवढंच ती आत सोडते. औषधाने ती सैल होते. लिहिलंय झकास, ते नाकारण्यात अर्थ नाही. खोलीतल्या माणसांच्या नजरा आपण टाळत होतो, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो.

आता त्याच दशकातली, त्याच अमेरिकेतली दुसरी खोली बघा. केंटकीत लेक्सिंग्टनच्या सरकारी व्यसन-रुग्णालयात डॉ. हॅरिस इसबेल एलएसडीचे प्रयोग करत होता. कुणावर? व्यसनी कैद्यांवर, बहुतेक काळ्या. काहींना तर सलग ७७ दिवस एलएसडी दिलं. कागदावर ते 'स्वयंसेवक'. बक्षीस काय, तर हेरॉइन नि मॉर्फिन. ज्यापायी आत आले तेच! पैसा सीआयएचा, चोरून पुरवलेला. १९७५ पासूनच्या सिनेट सुनावण्यांत हे बाहेर पडलं.

त्या ७७ दिवसांत त्यांना काय दिसलं? ते लिहायला त्यांच्या हातात कुणी कागद दिला नाही. वैद्यकीय नियतकालिकांत ते उरले बहुतेक आकड्यांपुरते.

हक्सलेला हा प्रयोग ठाऊक असायला हवा होता, असं मी म्हणत नाही. पण त्याच्या विचाराची खोट इथं उघडी पडते. जगण्याची निकड बाजूला सारली की सत्य दिसतं, असं तो मानतो. ती बाजूला सारणं भरल्या पोटाला जमतं. आपली जाणीव त्या निकडीतूनच आली, पाणवठ्यावर हाकललेल्या माणसाच्या नजरेतून. हक्सलेने टाळली ती हीच माणसाची नजर. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे. शुद्धीवर राहणं हा आपल्या लढ्याचाच भाग आहे, तो असा.

आज विद्यापीठांत सायलोसायबिनवर पुन्हा प्रयोग चालू आहेत, नैराश्यावर उपाय म्हणून. त्यांचे अहवाल जरूर वाचा, मित्रांनो. फक्त वाचताना विचारा: गोळी कुणी दिली, कुणी घेतली, आणि लिहिलं कुणी?