पाच माकडे का नाकारली?

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांच्या एका कळपाचे उदाहरण आहे. कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून ३ वजा करा. उरेल त्याच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरली आणि एक फांदीवर चढलेले दिसले. कळप केवढा? समीकरण सोडवले की दोन उत्तरे निघतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले ७, त्याचा वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक. पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले उणे २, त्याचा वर्ग ४, आणि फांदीवरचे एक. दोन्हीकडे हिशेब बिनचूक जुळतो. तरीही आचार्य ५ हे उत्तर घेत नाहीत. दिसत्या वस्तूंची संख्या उणे आहे हे लोकांना पटत नाही, असे कारण ते देतात.

या कारणावर मी नेहमी रेंगाळतो. बीजगणितासारख्या कोरड्या समजल्या जाणाऱ्या शास्त्रात निवाड्यासाठी लोकांना बोलावले आहे. वर्ग केल्यावर उणे चिन्ह पुसले जाते, म्हणजे शेवटच्या ओळीत चूक शोधून सापडणार नाही. ती आत आहे, ‘पाचवा हिस्सा वजा ३’ या सरळ रेषेच्या राशीत. कागदावर ती रेषा दोन्ही बाजूंना हवी तितकी लांबते. पण तिच्यात माकडे आली की कळप पाचाच्या पटीतच हवा आणि १५ पेक्षा लहान नको, कारण १५ ला गुहेकडे जाणारी रांग शून्य होते आणि त्याखाली ती कुठेच नसते. आजच्या भाषेत, फलनाचा प्रांत ठरला. तो सूत्राने ठरवला नाही, गोष्टीने ठरवला.

यावरून त्यांना उण्याचे किंवा दोन उत्तरांचे वावडे होते असे वाटेल, तर तसे मुळीच नाही. त्याच ग्रंथात माकडांचेच दुसरे उदाहरण आहे: कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग इतकी माकडे वनात खेळताहेत, १२ टेकडीवर आवाज करताहेत. उत्तरे ४८ आणि १६. आठव्या हिश्शाला ६ किंवा २ येतात, दोन्ही खरीखुरी माकडे, म्हणून दोन्ही उत्तरे सुखाने ठेवली आहेत. त्यांच्याच ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे, बाजू १० आणि १७, पाया ९. वरून लंब टाकला की पायाचा एक तुकडा उणे ६ येतो. इथे आचार्य तो फेकत नाहीत. लंब पायाच्या बाहेर पडतो आणि उणे म्हणजे उलट दिशा, असे ते सांगतात. दुसरा तुकडा मग १५, लंब ८. जमिनीला पलीकडची बाजू असते, तिथे ६ पावले मागे जाता येते. माकडांच्या संख्येला पलीकडची बाजू नाही. एकाच माणसाच्या हातून उणे संख्येला एकदा नकार आणि एकदा जागा मिळते, आणि मला या ग्रंथांचे खरे सौंदर्य तिथेच दिसते.

धरणगावात हे वाचताना हिवाळ्यातल्या कापसाच्या जिनसमोरच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. वजनकाट्यावर भरलेल्या ट्रॉलीचे वजन म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन अधिक कापूस. सरळ रेषा आहे ही, आणि ती शून्य कापसापाशी सुरू होते. डावीकडे वाढवली तर रिकामीपेक्षा हलकी गाडी निघेल, म्हणजे पाच माकडांचीच गोष्ट. उजवीकडे गाडी जेवढे पेलते तिथे थांबायचे. पुढे कापसाची रुई होते. क्विंटलमागे साधारण ३४ किलो धरली, तर ५ क्विंटलांची १७० किलोची एक गाठ. कुणाचा १२ क्विंटल कापूस असेल तर त्याच्या हिशेबात २.४ गाठी अगदी योग्य, कारण त्याची रुई ४०८ किलो आहे आणि पैसे वजनाचेच. पण प्रेसमधून २.४ गाठी बाहेर पडत नाहीत. दोन बांधल्या जातात, उरलेली रुई दुसऱ्याच्या कापसात मिळून तिसरी होते. सूत्र एकच आहे. शेतकऱ्यासाठी अपूर्णांक चालतात, प्रेससाठी पूर्णांकच.

‘लीलावती’च्या त्रैराशिकात हा फरक फार नेमका सांभाळला आहे. अडीच पळे वजनाचे केशर तीन सप्तमांश निष्क नाण्याला, तर ९ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पळे. केशर अर्धे होऊ शकते, म्हणून अर्धे ठेवले. त्रैराशिक झाल्यावर लगेच व्यस्त त्रैराशिक येते आणि तिथे सांगून टाकले आहे की एक वाढले की दुसरे घटते अशाही जागा आहेत, जशी जनावराच्या वयावरची किंमत किंवा सोन्याचा कस. दोन वर्षे जुवाला जुंपलेला बैल ४ निष्कांना, तर सहा वर्षे जुंपलेला कितीला? वर्षे जन्मापासून मोजलेली नाहीत, जुवापासून मोजली आहेत. शून्य वर्षांच्या वासराला हे सूत्र लावले तर किंमत अनंत होईल. जुवाची अट घालून वासराचा भाग आधीच वगळला गेला आहे. बैल पाहून पारखणाऱ्या प्रदेशातल्या वाचकाला ही बारीक नजर लगेच कळते.

त्याच श्लोकात बैलाआधी सोळा आणि वीस वर्षांच्या बाईची किंमत विचारली आहे. तो काळ दासींच्या खरेदीविक्रीचा होता हे खरे, पण ती ओळ मला रसिकतेने वाचता येत नाही. गुणाकार-भागाकार होतो, उत्तर निघते. त्या रेषेवर माणूस ठेवावाच का, हा प्रश्न मात्र तिथे कुणी विचारलेला नाही. पाच माकडे नाकारणाऱ्या आचार्यांकडून तो विचारला जायला हवा होता असे वाटून जाते.

आचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. त्यांचे गाव नेमके कोणते यावर मतभेद आहेत, पण त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासाचा मठ आमच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला होता. नातू चांगदेव याने तो स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या तिथल्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या उत्पन्नातून मठाला काय मिळावे ते त्यात लिहिले आहे. जेवढे घाणे चालतील तेवढ्या घाण्यांवर पळी-पळी तेल, आणि इथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजायचे. तेल बरोबर पळी गुणिले घाणे, इतके साधे सूत्र आहे. पण गुणायचे ते चालत्या घाण्यांना. ज्याचा बैल सोडलेला आहे तो घाणा मोजणीत येत नाही.