प्रीव्होटेला नेमका कोणासाठी वाईट?

अमरावती विद्यापीठाच्या 'पेट'साठी 'आतड्यातले जिवाणू आणि आयबीडी' हा विषय घ्यायचा विचार असेल, तर पुण्याच्या एनसीसीएसमधल्या योगेश शौचे यांच्या गटाचा २०१६ चा शोधनिबंध आधी वाचा. 'फ्रंटियर्स इन मायक्रोबायोलॉजी'त तो आला होता. निरोगी भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या प्रजातींचं प्राबल्य असतं, हा त्याचा मुख्य निष्कर्ष.

यात विशेष काय? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात नव्यानेच संधिवात झालेल्यांमध्ये प्रीव्होटेला कोप्री वाढलेला दिसला होता. म्हणजे तिकडे संशयित ठरलेली प्रजाती आपल्याकडे निरोगी माणसाच्या पोटात सुखाने नांदते. 'निरोगी' म्हणजे काय, हे तिकडच्या तक्त्यावरून ठरवू नका. या निबंधाचं खरं योगदान हेच.

आता मर्यादा बघू. १६एस पद्धत जिवाणू कोण ते सांगते, तो काय करतो ते नाही. आणि 'भारतीय' हे लेबल फार मोठं आहे. २०१९ मध्ये ११० निरोगी लोकांच्या अभ्यासात भोपाळ आणि केरळचे गटसुद्धा वेगळे निघाले. मग ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण खाणारा वाशिमचा माणूस यात कुठे बसतो? ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

आयबीडीकडे येताना आणखी जपून. आयएल-१० जनुक नसलेल्या उंदरांना जंतुमुक्त वातावरणात वाढवलं, तर त्यांना आतड्याचा दाह होत नाही. म्हणजे जिवाणू लागतातच. पण रुग्णात दिसलेला जिवाणूंचा बदल हे कारण की परिणाम, हे एका वेळच्या नमुन्यावरून सांगता येत नाही.

आपल्याकडे तर आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात, की अनेक क्रोन्स रुग्णांना आधी महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जातात. त्यातलं रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविकच आहे. मग तुम्ही मोजलेला फरक आजाराचा की गोळ्यांचा?

'ऑटोइम्युन' शब्दही सरसकट वापरू नका. क्रोन्सशी जोडलेलं नॉड२ जनुक (२००१) जिवाणूंच्या भित्तिकेचे तुकडे ओळखतं. म्हणजे भांडण बरंचसं जिवाणूंशी आहे, फक्त स्वतःच्या पेशींशी नाही. त्यातही युरोपीय रुग्णांत सापडणारे नॉड२चे तीन प्रमुख बदल भारतीय रुग्णांत अगदी क्वचित आढळतात.

म्हणून प्रस्तावात दोन गोष्टी पक्क्या लिहा: नमुना औषध सुरू होण्याआधीचा, आणि तुलनेसाठी त्याच घरातली, त्याच चुलीवरचं जेवणारी निरोगी माणसं. मुलाखतीत पहिला प्रश्न इथेच येतो. आणि रुग्णाला चुकीचं कारण सांगायचं नसेल, तर तो यायलाच हवा.